बुरुलकानने निवडलेला सिनेमा

किर्गिझस्तानातल्या तोकमोक गावच्या एकाच शाळेत शिकलेल्या मैत्रिणी दर महिन्याला कुणा एकीच्या घरी जमत. जिची पाळी, तिच्या घरी जेवण आणि त्या दिवशी तिचाच शब्द शेवटचा. या खेपेला पाळी बुरुलकानची होती आणि जेवणानंतर सगळ्यांना सिनेमाला न्यायचं तिने जाहीर केलं होतं. कुठल्या, ते मात्र ठरायचं होतं.

"त्यात ठरवायचं काय?" सायरागुल म्हणाली. शाळेपासून तिचा आवाज सगळ्यांच्या वर. "तो परदेशी लागलाय ना, गाड्या हवेत उडतात तो. माझ्या जावयाने दोनदा पाहिला."

"दुसरा एक आहे," चहा ओतता ओतता बुरुलकान म्हणाली. "आपल्या किर्गिझ भाषेतला. मेंढ्या राखणाऱ्या बाईचा."

"अगं बाई! पुन्हा डोंगर, पुन्हा बर्फ, आणि म्हातारी खिडकीतून बघत बसणार. तेवढं मी घरबसल्या फुकट बघते!"

सगळ्या खो खो हसल्या. बुरुलकानही हसली, पण तिचे कान तापले. त्या सिनेमाचं ध्वनिमुद्रण तिच्या मुलीने, एलनुराने केलं होतं, आणि बुरुलकान हे कुणाला बोलली नव्हती. नवरा रशियात गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला, तेव्हा एलनुरा अजून बोबडं बोलायची. शाळेच्या स्वयंपाकघरात राबून बुरुलकानने तिला वाढवलं. त्या पोरीने हिशेबनिसाचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि माइक घेऊन डोंगरात हिंडायला लागली, तेव्हा हीच सायरागुल म्हणाली होती, "वारा गोळा करते म्हणे तुझी लेक!" तेव्हापासून कुणी विचारलं की बुरुलकान "बिश्केकला नोकरीला आहे" एवढंच सांगे आणि विषय बदले.

आजही काही न सांगता नुसता हुकूम सोडता आला असता. पण पोरीचं नाव पुन्हा गिळायचं? तिने चहाची किटली खाली ठेवली.

"मेंढ्यांचाच सिनेमा बघायचा. त्यातला आवाज माझ्या एलनुराने धरलाय. वारा गोळा करते म्हणून हसला होतात ना? चला आता, ऐका."

मैत्रिणींतली तोक्तोकान गुडघ्यावर हात टेकून उठली. "एवढी मोठी गोष्ट, आणि ही बया आम्हाला चहा पाजत बसलीय! उठा गं!"

"हसले होते मी, खरंय," सायरागुल म्हणाली. "पण रटाळ निघाला तर तोंडावर सांगणार हं."

"सांग की."

पर्समधून सुक्या दह्याच्या खारट गोळ्या लपवून नेऊन त्या एका रांगेत बसल्या. सुरुवातीला सायरागुल कडाकडा गोळ्या फोडत होती. मग ती बाई हरवलेली मेंढी शोधायला धुक्यात शिरली आणि पडदा पांढराफटक झाला. दिसत काहीच नव्हतं. पायाखाली बर्फ करकरत होतं, कुत्रं धापा टाकत होतं, बर्फाखालून पाणी वाहत होतं, आणि लांब कुठेतरी डाव्या बाजूला मेंढीच्या गळ्यातली घंटा किणकिणत होती. सायरागुलची गोळी गालातच राहिली. तिने बुरुलकानचा दंड घट्ट धरला आणि पडद्यावरच्या बाईला ओरडून सांगितलं, "डावीकडे, अगं! डावीकडे आहे!"

"हो, डावीकडेच!" मागून एक पुरुषही ओरडला.

मेंढी डावीकडेच सापडली. सगळ्या थिएटरने सुस्कारा सोडला.

शेवटी नावं सरकू लागली तशी माणसं उठली. बुरुलकान हलली नाही. ध्वनीपुढे नाव आलं: एलनुरा बुरुलकान-कीझी. बुरुलकानची मुलगी. किर्गिझ मुली तिथे बापाचं नाव लावतात. एलनुराने आईचं लावलं होतं, आणि आईला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

सायरागुलने ते मोठ्याने वाचलं आणि निघालेल्या लोकांना थांबवलं. "अहो, ही बघा! हीच ती बुरुलकान!"

एका म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून मान लववली. बुरुलकानने मान खाली घातली नाही. डोळे न पुसता ती ताठ उभी राहिली. "हो, मीच," ती म्हणाली. "लेक माझी आहे."

बाहेर येऊन तिने एलनुराला फोन लावला. पलीकडून "आई" ऐकू येतंय तोच सायरागुलने फोन हिसकावला. "पोरी, किती वेळ लावलास ती मेंढी शोधायला! जीव घेतेस का आमचा? आणि पुढचा कधी लागणार?"