ठिपक्यामागची नजर

रंगाच्या कारखान्यात आग लागली तेव्हा आतल्या खोलीत दोघेच होते. तिचा नवरा आणि त्याचा जोडीदार, ज्याला सगळे तुरतुऱ्या म्हणत. एक गेला, एक वाचला. वाचलेला नवऱ्याच्या कपाटाशी सापडला, म्हणून तो तिचा नवरा ठरला. अंगकाठी दोघांची सारखीच. बाकी सगळं पट्ट्यांखाली; दिसायचे ते फक्त तांबारलेले, सुजलेले डोळे. घसा भाजल्यामुळे आवाज नव्हता. काहीही विचारलं की पापण्या मिटायच्या. ते 'हो' की गुंगी, कळायचं नाही.

ती उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत राहिली.

तिकडे ओळखू न येणारं प्रेत तुरतुऱ्याचं म्हणून त्याच्या आईच्या हातून दहन झालं होतं. तिने मात्र धोशा लावला होता. "मी पोराचं तोंड पाहिलेलं नाही. मला खात्री करून द्या."

सूज उतरली, गुंगी कमी झाली, तसा कारखान्याचा इंजिनिअर फाटकावरचं हजेरीचं यंत्र घेऊन आला. पडद्यावर एक ठिपका पळायचा. त्याच्यामागे प्रत्येकाची नजर आपापल्या तऱ्हेने धावते, त्यावरून यंत्र माणूस ओळखायचं. आगीआधी रोज सकाळी कामावर येताना दोघेही त्याच्यासमोर उभे राहत.

ठिपका पळाला. डोळे मागे गेले. इंजिनिअरने पुन्हा एकदा करून पाहिलं.

"वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "हा तुरतुऱ्या आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिच्या नवऱ्याला शेवटचा निरोप दुसऱ्याच्या आईने देऊन टाकला होता. हे तिला समजलं. पण एखाद्याने पत्ता सांगावा तसं समजलं. नर्सने खांद्यावर हात ठेवला. आता ही हंबरडा फोडणार, म्हणून सगळे सावरून उभे राहिले. तिने घड्याळ पाहिलं. पाण्याची वेळ झाली होती. तिने चमचा भरला.

तो तिच्याकडे टक लावून पाहत होता. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून पट्टीत जिरत होतं.

"असू दे," ती म्हणाली. "ठसका लागेल."

दुपारी तुरतुऱ्याची आई आली, धापा टाकत. उशाशी बसलेली ती स्टुलावरून उठली.

"बसा मावशी. चमचा उजव्या बाजूने लावा, डावीकडून गळतं."

"आणि तू गं, बाळ?"

तिने पिशवी उचलली, चपला शोधल्या आणि बाहेर जाऊन इंजिनिअरला विचारलं, "आमच्या ह्यांचं सामान कुठे मिळेल?"