खुर्ची कुरकुरते ती जागा

तेत्सुरोच्या कॉफीघरात बोलायला बंदी होती. दारातच पाटी होती, त्याने स्वतः कुंचल्याने रंगवलेली: ‘तबकडी चालू असताना बोलू नये.’ जपानमधल्या हाचिनोहे बंदराच्या मासळीबाजारात सकाळभर आरडाओरडा करून आलेल्या माणसांना ती पाटी आवडायची. त्यांनी कॉफी घ्यावी, डोळे मिटावेत आणि कपाटाएवढ्या दोन कर्ण्यांमधून येणारं जॅझ ऐकावं. बंदी बायकोलाही लागू होती. किनुए लग्न होऊन त्या काउंटरमागे उभी राहिली आणि बोटांनी बोलायला शिकली. एक बोट म्हणजे कॉफी, दोन म्हणजे टोस्ट, आणि कपाळावर टेकवलेली मूठ म्हणजे ‘तुमच्या डोक्यात काय भरलंय?’ ही मूठ फक्त नवऱ्यासाठी राखीव होती.

पाटीइतकीच तेत्सुरोची खुर्ची प्रसिद्ध होती. एका जुन्या तबकडीवर पियानो वाजवणारा मधेच क्षणभर थांबतो आणि त्याच्या बुडाखालची खुर्ची कुरकुरते. जेमतेम कुर्र, इतकंच. नवं गिऱ्हाईक आलं की तेत्सुरो ती तबकडी लावायचा, नेमक्या त्या जागी बोट वर करायचा आणि समोरच्याचा चेहरा उजळलेला पाहून स्वतः उजळायचा. आयुष्यात त्याने दुसरी कुठली बढाई मारलेली किनुएला आठवत नव्हती.

मग त्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर जळाला. धूर निघाला, वास सुटला, आणि कर्णे मुके झाले. तेत्सुरो चार दिवस नीट जेवला नाही. सोमवारी, बंदच्या दिवशी, टेबलावर दोन नवे उमेदवार मांडले गेले. एक सेंदाईच्या व्यापाऱ्याने पारखायला पाठवलेला, साठ वॅटचा, दोघांना उचलावा लागणारा. दुसरा कोमुकाईने आणलेला. हा कोमुकाई बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला आणि घरी बसून जुन्या रेडिओसारखे काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प जोडणारा. त्याने सुती रुमालाची गाठ सोडली आणि डब्याएवढी वस्तू बाहेर काढली.

“वॅट किती?” तेत्सुरोने विचारलं.

“दोन.”

“दोन! एवढ्यात माझी कॉफीसुद्धा गरम व्हायची नाही.”

“मास्टर, तुमचे कर्णे फुंकर मारली तरी गातात. त्यांना ताकद नको, शांतता हवी. अ‍ॅम्पने जरा सूं केलं तर तेही मोठं करून सांगतील.”

“हातच्या काकणाला आरसा कशाला? लावूया.”

आधी मोठा लावला. तबकडी ठेवण्यापूर्वीच कर्ण्यांतून बारीक सूंऽऽ सुरू झालं, दूर कुठे नळ उघडा राहिल्यासारखं. किनुएने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी नव्हती. संगीत सुरू झालं, जमीन हादरली, तेत्सुरो खूश झाला. ती जागा आली. किनुएला सूंऽऽशिवाय काही ऐकू आलं नाही. तेत्सुरोने मात्र बोट वर केलं.

तबकडी थांबल्यावर तो म्हणाला, “कुरकुरली की नाही? काय छाती आहे याची!”

कोमुकाईने कपात डोकं घातलं. “वहिनी, तुम्हाला?”

“कुरकुरली,” किनुए म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती तिने आजवर अशीच झाकून ठेवली होती.

मग छोटा लावला. कर्णे इतके गप्प, की किनुएला वाटलं तार जोडायची राहिली. तेवढ्यात पियानो आला, थेट खोलीत. वाजवणाऱ्याने श्वास घेतला, आणि कुर्र. किती वर्षांनी ती खुर्ची इतकी जवळून कुरकुरली! किनुएच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेत्सुरोने इथेही त्याच जागी बोट वर केलं होतं, पण चेहरा कोरा होता.

“मिळमिळीत आहे,” तो म्हणाला. “कोमुकाई, रागावू नकोस. मोठाच ठेवतो.”

कोमुकाई रागावला नाही. तो आपला अ‍ॅम्प पुन्हा रुमालात बांधू लागला. किनुए त्या रुमालाकडे पाहत राहिली. उद्यापासून या खोलीत दिवसभर तो नळ वाहणार, डोळे मिटून बसणारी माणसं एकेक करून उठून जाणार, आणि तेत्सुरो बोट वर करून उभा राहणार, कोणालाही ऐकू न येणाऱ्या खुर्चीसाठी. लोक तोंडावर हसणार नाहीत. बाहेर जाऊन हसतील. ते तिला सोसवलं नसतं.

“अहो, मघाशी मोठ्यावर खुर्ची कुरकुरली नव्हती.”

“मग हो का म्हणालीस?”

“तुम्ही म्हणालात म्हणून.”

“म्हणजे मी बहिरा झालो?”

“बहिरे कशाला? मोठं मोठं सगळं ऐकता. बारीक आवाज गेलेत. किटली शिट्टी मारते ती ऐकता का? तुम्ही उठत नाही म्हणून मीच धावत येऊन गॅस बंद करते. आपली शिट्टी बिघडलीय असं तुम्हाला वाटतं ना? नाही हो बिघडलेली.”

तेत्सुरो खाली बसला. कोमुकाई खिडकीतून बंदराकडे पाहू लागला, जणू तिथे आज नवीन काही येणार होतं.

“कधीपासून?” तेत्सुरोने विचारलं.

“झाली दोन-तीन वर्षं.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“पाटी कोणी लावलीय?”

कोमुकाईला हसू आवरेना, त्याने ठसका लागल्याचं सोंग केलं. तेत्सुरो हसला नाही. तो उठला, पुढे झाला, आणि कोमुकाईने बांधलेली रुमालाची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. “छोटाच ठेव,” तो म्हणाला. “मला नाही तर नाही, खोलीला तर ऐकू येईल.” एवढं बोलून तो कप विसळायला गेला. ते काम त्याने कधी केलं नव्हतं, एक कप फुटलाही. किनुएला त्याची इतकी माया आली की ती रागवायलाच विसरली.

शनिवारी आओमोरीहून एक नवं जोडपं आलं. खोली भरलेली, सगळ्यांचे डोळे मिटलेले. तेत्सुरोने ती तबकडी काढली आणि हात खिशात घालून उभा राहिला. किनुएला काय करावं कळेना. तिने एक बोट दाखवलं, दोन दाखवली. त्याने मान हलवली आणि दाराकडे खूण केली. पाटीवर जुन्या अक्षरांखाली ताज्या शाईत एक ओळ वाढली होती: ‘किनुए सोडून.’

ती काउंटरमागून बाहेर आली, त्याच्या खांद्याशी उभी राहिली. पियानो थांबला.

“आत्ता,” ती भर खोलीत म्हणाली.

तेत्सुरोने बोट वर केलं. “ऐकलंत?” त्याने त्या जोडप्याला विचारलं. “खुर्ची.”

दोघांचेही चेहरे उजळले, आणि त्यांच्याकडे पाहता पाहता त्याचाही.