खंडेनवमीचं तेल

जॅक काढायला वैष्णवीने गाडीची डिकी उघडली आणि लगेच तोंड फिरवलं. गेल्या महिन्यात हर्षलदादाने चांदवडहून कांद्याच्या गोण्या आणल्या होत्या. त्यातली एक फाटली, कांदे गालिच्याखाली घरंगळले आणि तिथेच सडले. जॅकवर तपकिरी, चिकट रस वाळला होता आणि त्यात उंदराच्या लेंड्या रुतल्या होत्या.

"दादा, या गाडीत तू रोशनीताईला बसवणार?"

"पुढे बसवणार. डिकीत थोडीच?" ओट्यावर बसलेल्या हर्षलने गुटख्याची पुडी फाडली. थुंकायला त्याला कुंपणाची भिंत लागायची. तिचा खालचा हातभर पट्टा आता कायमचा लाल झाला होता.

रोशनी ही दोघांची थोरली बहीण. सासर पेठ गावी, सातवा महिना संपत आलेला. उद्या खंडेनवमीला तिला बाळंतपणासाठी सिडकोतल्या या घरी आणायचं होतं, आणि वाटेत सावळघाट होता. आठवडाभर ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज येत होता. गॅरेजवाल्याला दसऱ्यापर्यंत सवड नव्हती. वैष्णवी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. गॅरेजात उभं राहून तिने ब्रेकचे पॅड बदलायचं काम एकदा पाहिलं होतं, एकदा त्याच्या देखरेखीखाली केलंही होतं. मग तिने गाडीचं पुस्तक तीनदा वाचलं आणि नवे पॅड विकत घेतले आणि गॅरेजवाल्याकडून पाने मागून आणले.

तिचे वडील, कारभारी नाना, दोन हात अंतरावर येऊन उभे राहिले. अंबडच्या कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते.

"काय धरू का?"

"नको नाना. तुम्ही लांब थांबा. यातली धूळ छातीत जाते."

सपाट फरशीवर गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. चाकाचे नट तिने गाडी उचलण्याआधीच सैल केले. उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड लावला, कारण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीवर तिचा विश्वास नव्हता. चाक काढलं. पॅडना चाकामागच्या लोखंडी डिस्कवर दाबणारा कॅलिपर सोडवून तारेने वर बांधला, म्हणजे त्याचं ओझं रबरी नळीवर येणार नाही. पॅड हातात आले आणि तिला शिसारी आली. दोन मिलिमीटरसुद्धा जाडी उरली नव्हती. वर काळा, चिकट चिखल साचला होता. 'दोन महिन्यांपूर्वीच बदललेत' म्हणून दादाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं!

"काय धरू का?" नानांनी पुन्हा विचारलं.

"नाना, म्हटलं ना, लांब."

ते गेले. मात्र त्यांच्याच पेटीतला व्हर्निअर घेऊन तिने डिस्कची जाडी मोजली. ती ठीक भरली. फवाऱ्याने धुऊन तिने डिस्क आरशासारखी लख्ख केली, कॅलिपरमधला पिस्टन हळूहळू मागे दाबला, नवे पॅड बसवले. दुसऱ्या बाजूलाही तेच सगळं केलं. चाकं लावून नट समोरासमोरचे घट्ट केले. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहिली. मग अंबडच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी दहा वेळा सावकाश थांबवून पॅड डिस्कवर बसवून घेतले. आवाज बंद झाला होता. जेवताना मात्र भाकरीला त्या काळ्या चिखलाची चव येत होती. तीनदा साबण लावूनही नखं काळीच होती.

सकाळी नानांनी नेहमीप्रमाणे पाट मांडला. हातोडी, कानस, पाने, व्हर्निअर असं सगळं पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून ठेवलं. या घरात पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्याच्या पूजेपर्यंत कुणी हात लावत नसे. गाडीलाही झेंडूची माळ होती.

हर्षलने गाडी फाटकाकडे सोडली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. हातभर पुढे सरकली आणि धाडकन फाटकावर आदळली.

"चप्पल घसरली," हर्षल म्हणाला.

वैष्णवी चाकाजवळ बसली. चाकाच्या भोकांतून आत पिवळं काहीतरी चकाकत होतं, थेंब थेंब टायरवर पडत होतं. तिने बोट लावलं. तेल होतं, त्यात हळद.

"हे कुणी केलं?"

"म्या," नाना अभिमानाने म्हणाले. "उघडं लोखंड हाय ते, पोरी. रातीतून गंज चढून तांबारलं व्हतं. दोन्हीकडं तेलाच्या कुपीची नळी घालून चांगलं सोडलंय. खंडेनवमीला मशीन कोरडं ठेवत्यात का?"

"तेल जळून जाईल गं," हर्षल काचेतून म्हणाला. "चार ब्रेक मारले की झालं. चालतंय."

दादाला सगळंच चालतं. सडका कांदा चालतो, झिजलेले पॅड चालतात, सावळघाटात घसरणारी गाडीही चालते! तिने हर्षलला गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढायला लावला, गाडी पुन्हा उचलली आणि गॅरेजवाल्याच्या पान्यांनी पॅड काढून नानांच्या हातात ठेवला. काल नवा असलेला पॅड तेल पिऊन बसला होता.

"नाना, घासू नये म्हणून तुम्ही बत्तीस वर्षं तेल घातलंत. हे मात्र घासलं नाही तर गाडीच थांबत नाही. आणि यात मुरलेलं तेल आता निघायचं नाही."

नानांनी पॅडवरून अंगठा फिरवला. सरकन निसटला. त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला.

"काल सांगायचं व्हतं मग. लांब थांबा म्हनलीस."

कालपासून सगळ्यांची किळस करून झाली होती, आता थोडी स्वतःचीही आली.

"कापडाने पूस नि चल, नऊ वाजले," हर्षल म्हणाला.

"किल्ली दे," नाना म्हणाले.

"अहो नाना, ताई वाट बघतेय—"

"दे म्हनतो ना."

नानांनी किल्ली नेऊन पाटावर कानशीशेजारी ठेवली आणि तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. आता त्या किल्लीला हात लावायची हर्षलची छाती नव्हती.

"रोशनीला फोन कर. नवे पॅड बसल्यावर येतो म्हनावं. दसऱ्यानंतर."

मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "आता काय करायचं? का लांबच थांबू?"

"नको, इकडे या. डिकीतल्या गालिच्याचं हे टोक धरा."

दोघांनी मिळून डिकीतला गालिचा ओढला. तो चरचरत सुटला. खालून कुजलेल्या रसाची लाट नाकात शिरली आणि पांढऱ्या अळ्या उजेडात वळवळल्या. वैष्णवीला कोरडी ओकारी आली. नानांनी नाकाला उपरणं लावलं आणि गाडीत बसलेल्या मुलाकडे पाहिलं.

"या घाणीत बसवणार व्हतास व्हय रे, माझ्या लेकीला?"

हर्षलने थुंकायला मान बाहेर काढली. नाना बघत होते. त्याने मान आत घेतली आणि गिळलं.