पार्लरमधला पहिलवान

कोंबड्यांच्या झुंजी बंद व्हाव्यात म्हणून ताईने पोलिसांत तीन अर्ज दिले होते. तिसऱ्या अर्जावर एकदाची धाड पडणार अशी बातमी फुटली, तेव्हा झुंजीचा कोंबडा लपवायला तिच्याच ब्युटी पार्लरच्या दारात तिचाच धाकटा भाऊ येऊन उभा राहिला.

"तक्रार करणारीकडे कोण शोधायला येणार?" तो म्हणाला. बगलेत पहिलवान. तांबडा, मान ताठ, आणि नजर अशी, जणू पार्लर त्याच्या बापाचं.

"लाज नाही वाटत रे?"

"वाटते ना. पण तीन आठवडे ठेव."

मुका जीव दारात आला की ताईचं काही चालत नसे, आणि हे धाकट्याला जन्मापासून ठाऊक होतं.

आता पार्लर म्हटलं की आरसे आलेच. तीन भिंतींना आरसे, त्यामुळे पहिलवानाला जिकडे पाहावं तिकडे शत्रू. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना एकदम आव्हान दिलं. एक बाई तोंडावरचा लेप न पुसताच रस्त्यावर पळाली, आणि तिला बघून रस्त्यावरचे पळाले. चार दिवस नुसता धुडगूस. पाचव्या दिवशी पहिलवानाला कळून चुकलं, की ही मंडळी मरतही नाहीत आणि हटतही नाहीत. त्याने तह केला. मग तो आरशाला टेकून झोपायला लागला, समोरच्याच्या सोबतीने पिसं साफ करायला लागला. गिऱ्हाइकं खास त्याला बघायला येऊ लागली. ताईचा तर त्याच्यावर जीवच जडला.

तीन आठवड्यांनी, धाडीची हवा निवल्यावर, धाकटा न्यायला आला.

"अरे, हा लढायचं विसरलाय," ताई म्हणाली. "समोर कोंबडा दिसला की शेजारी जाऊन बसतो. तिथे नेलास तर उभ्या उभ्या कापला जाईल."

"ताई, तुझ्या सगळ्या युक्त्या पाठ आहेत मला."

तीन अर्ज करणारीवर कोण विश्वास ठेवणार? तो पहिलवानाला घेऊन निघाला. ताई एका बाईचे केस अर्धे कापलेले तसेच टाकून स्कूटरवरून त्याच्यामागे सुटली. अंगात एप्रन, दातांत पिना, त्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती.

जुन्या गोदामात लाकडी कठड्याचं रिंगण होतं आणि भोवती शंभरेक माणसं. नियम एकच. कोंबडा पडायच्या आत जो मालक हात घालेल, तो कायमचा बाद. धाकट्याचे नऊ कोंबडे आजवर त्या रिंगणात मेले होते आणि त्याने बोटही हलवलं नव्हतं.

दोन्ही कोंबड्यांच्या पायांना बोटभर पाती बांधली. समोरचा काळा कोंबडा झेपावला. पहिलवान सहज बाजूला सरकला आणि मान वाकडी करून पिसं साफ करायला लागला.

"लग्नाला आलाय का हा!" कोणीतरी ओरडलं. गोदाम हसलं. ताईलाही हसू फुटलं, तोंडातल्या पिना खाली सांडल्या, आणि हसता हसता तिला रडू आलं.

काळा पुन्हा झेपावला. पहिलवानाचा पंख रक्ताने भिजला. तरी तो लढला नाही. त्याने वळून गर्दीत धाकट्याला शोधलं आणि त्याच्याकडे बघत उभा राहिला.

ताईने कठड्यावर पाय ठेवला, पण धाकटा आधीच आत पोचला होता. काळ्याचं पातं त्याच्या हाताला लागलं. त्याने पहिलवानाला शर्टात कोंबलं आणि धूम ठोकली.

"बाद! कायमचा बाद!" मागून आरडाओरडा झाला.

ताई स्कूटरवर, मागे धाकटा, त्याच्या शर्टातून बाहेर आलेली तांबडी मान. दोघांना हसू आवरेना.

"उडी मारलीस का पडलास रे?"

"पडलो असंच सांग. इज्जत राहील."

जनावरांच्या डॉक्टरने पहिलवानाला पाच टाके घातले. धाकट्याने रक्ताळलेला हात पुढे केला.

"माणसांचा दवाखाना समोर," डॉक्टर म्हणाले. दोघं पुन्हा खो खो हसली.

समोरच्या दवाखान्यात, बाकावर नंबराची वाट बघताना, धाकट्याचं हसू थांबलं. मांडीवर पहिलवान झोपला होता.

"ताई, तो माझ्याकडेच बघत होता गं."

"हो."

"आधीचे नऊजण पण बघत असतील का?"

एरवी ताईच्या जिभेला हाड नसे. तिने आपला रुमाल काढला आणि त्याच्या हाताला घट्ट गुंडाळला.