न्हाणीच्या भिंतीवरचा प्लग

रोडपालीच्या मिठागरवाल्यांचा कमळाकर मुंबईच्या गोदीत वायरिंग शिकला आणि मालवाहू बोटीवर विजेच्या कामाला लागला. जाण्याआधी पनवेलच्या दोन खोल्यांच्या घरात त्याने स्वतःच्या हाताने वीज फिरवली. आतल्या खोलीत, बायकोच्या चुलीजवळ, एक प्लग बसवला. "येताना रेडिओ आणतो, भामा. भाकऱ्या थापताना ऐक," म्हणाला.

एकसष्ट साली पावसाळ्यात रेडिओ आला, कमळाकर आला नाही. त्याच्या बोटीवरचा शिवा खोका खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला.

"त्यानं आणखी एक खेप घेतली हाय, वयनी. बरा हाय तो."

भामाने त्याला चहा दिला. कमळाकर जेवतो का, वाळला का, असं काहीबाही विचारत राहिली. कधी येणार, हे मात्र तिच्या तोंडून निघेना.

त्या दिवसापासून संध्याकाळी ती हवामानाची बातमी लावू लागली. समुद्र खवळलेला राहील असं सांगितलं की पिठाचा हात परातीतच थांबायचा. त्याची बोट नेमकी कुठल्या समुद्रात आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

पण प्लगचं बटण दाबलं की बऱ्याचदा फट् व्हायचं आणि घरभर अंधार. मेन स्विच खाली ओढायचा, चिनीमातीचा फ्यूज उपसायचा, जळलेली तार काढून नवी केसासारखी बारीक तार बसवायची. हे कमळाकरने तिला शिकवलं होतं. "ही तार जळते म्हणून घर जळत नाय. जाड तार कधी घालू नको," असंही बजावलं होतं.

धाकटा दीर भगवान मात्र वैतागला. एके दिवशी त्याने तांब्याची जाड तार पिळून घातली. "आता बघू कसा उडतो!"

"भावोजी, त्यांनी नको सांगितलंय."

"दादा काय बघायला येतो हाय?"

ते शब्द तिला लागले. तरी तिने तार काढली नाही. रेडिओ आता न थांबता चालत होता, आणि बातमी पुरी ऐकायला मिळत होती.

चौथ्या की पाचव्या दिवशी बातमी सुरू असतानाच रबर जळल्याचा वास आला. प्लगखालची लाकडी पट्टी काळी पडून धुमसत होती. फ्यूज उडालाच नव्हता. भामा बाहेरच्या खोलीत धावली आणि मेन स्विच खाली ओढला. भगवान पाण्याची कळशी घेऊन आला, तशी ती ओरडली, "पानी नको!" आणि तिने कोरड्या गोणपाटाने पट्टी दाबून विझवली. दोघंही अंधारात धापा टाकत बसली.

"चुकलं माझं, वयनी," भगवान म्हणाला.

"माझंबी," ती म्हणाली. "मला ठाऊक व्हतं."

सकाळी दिनानाथ वायरमन आला. त्याने प्लग उघडला. आतली पितळी टोकं हिरवी पडली होती. कमळाकर गेल्यावर भगवानने त्याच भिंतीपलीकडे न्हाणी बांधली होती, आणि पाणी भिंतीत मुरत होतं. फ्यूज त्यामुळेच उडत होता.

"वहिनी, इथे प्लग ठेवता येणार नाही. बाहेरच्या खोलीत, कोरड्या भिंतीवर घेऊ."

"त्यांनी हितंच बसवलाय."

"तेव्हा भिंत कोरडी होती. आज तो इथे असता तर त्यानंच काढला असता."

भामाने त्या जागेकडे बघितलं. स्क्रू कमळाकरने पिळलेले होते. मग तिने दिनानाथकडून पेचकस मागून घेतला आणि ते स्वतः सोडवले.

दुपारी नवा प्लग बाहेर बसला. बारीक तारेचा फ्यूज पुन्हा जागेवर गेला. न्हाणीच्या भिंतीला मोकळं भोक उरलं. दिनानाथने सिमेंट कालवायला घेतलं.

"ते ऱ्हाऊ द्या," भामा म्हणाली.

"मुंग्या येतील."

"येऊ द्यात. ते आले की बुजवतील."

संध्याकाळी भाकऱ्या लवकर उरकून ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. समुद्र शांत राहील, असं रेडिओवर सांगत होते.