ह्यांच्या वाट्याची भीती

आमचे हे उंच इमारतींच्या काचा पुसतात. गच्चीवरून दोरी सोडायची, तिला बांधलेल्या फळीवर बसायचं आणि बादली शेजारी अडकवून मजल्यामजल्याने खाली येत आतल्या लोकांना आभाळ स्वच्छ दिसेल असं करायचं, हे त्यांचं काम. एक दोरी कामाची आणि दुसरी जिवाची, पहिलीने दगा दिला तर माणसाला धरून ठेवणारी. लग्न झाल्यापासून मी पाहत आले, सकाळी ह्यांच्या पोटात घास ठरत नसे. हातात कपबशी वाजायची. "दोन घास खाऊन जा हो," म्हटलं की म्हणायचे, "वर गेल्यावर खातो," आणि संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत यायचा. माणूस डोळ्यांदेखत झिजत चालला होता, आणि डॉक्टर म्हणत होते, काळजी कमी करा, जणू ती चहातल्या साखरेसारखी चमच्याने कमी करता येते.

मी नेम धरला. मीठ सोडलं, आणि रोज देवापुढे दिवा लावून एवढंच मागितलं, की ह्यांची भीती काढून घे, आणि ठेवायला जागा नसेल तर माझ्याकडे दे. चव न घेता अंदाजाने स्वयंपाक केल्यावर व्हायचं तेच झालं. "आई, आज भाजीत समुद्र पडलाय," आमची लेक चिमणी म्हणाली, आणि हे कितीतरी दिवसांनी हसले. मला वाटलं, हसले म्हणजे सुरुवात झाली.

नेम पुरा झाला त्या सकाळी ह्यांनी दोनदा मागून खाल्लं आणि शीळ घालत जिना उतरले. मी हात जोडले. मग चिमणीच्या गणवेशाला इस्त्री करत असताना माझे तळवे एकाएकी ओले झाले आणि पोटात खड्डा पडला, शेवटची पायरी समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक निघावी तसा. खोलीत भिण्यासारखं काहीच नव्हतं. गणवेश होता, इस्त्री होती, पलंगावर उशा होत्या. हे आत्ता कठड्यावरून खाली उतरत असणार, हे मला तेव्हा आतूनच कळलं, आणि खरं सांगायचं तर त्या थरथरत्या हातांनीसुद्धा मला आनंद झाला. मागितलं ते देवाने जसंच्या तसं दिलं होतं. मग माझी भीती ओसरली, आणि दुपारी हे घरी आले.

"परत पाठवलं," चपला काढत ते सहज म्हणाले. "एकदाच उतरलो. दुसऱ्या खेपेला मुकादमांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं."

त्यांच्या मुकादमांची एक रीत आहे. माणूस कठड्यापलीकडे जाण्याआधी ते त्याच्या डोळ्यांत बघून विचारतात, भीती वाटते का? नाही म्हणणाऱ्याला त्या दिवशी दोरीवर सोडत नाहीत. भीती असलेला माणूस गाठ दोनदा बघतो, असं ते म्हणतात. पहिल्या खेपेला घाईत विचारायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी राहिलं नाही. हे तसेच परत आले, आणि मुकादमांनी दुसरा गडी बघायची भाषा केली.

त्या संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तेव्हा हे समोर येऊन बसले.

"अगं, घाबरलेला माणूस कसा दिसतो?"

"मला काय विचारता? तुमचाच तर धंदा होता तो."

"घाबरायचो ते आठवतं. कसं, ते आठवत नाही."

मी भाजी बाजूला ठेवली आणि सांगू लागले. ओठ कोरडे पडतात. श्वास अर्ध्यावर अडतो. माणूस पायांकडे बघत नाही, मुद्दाम बघत नाही. काहीतरी बोलावंसं वाटतं आणि भलतंच बोललं जातं. हे आरशासमोर उभे राहून एकेक करून बघत होते, आणि मी म्हणत होते, "इतकं नको, नाटकातलं वाटतं." चिमणी टाळ्या वाजवत होती. आम्ही तिघं खूप हसलो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी ह्यांना दोरीवर घेतलं. पण माझ्या आतला खड्डा आता भरेना. सुईत दोरा ओवला जाईना, दूध उतू जाताना दिसे आणि हात हलत नसे. जेवताना हे म्हणाले, "ती दुसरी दोरी उगाच पायात येते गं. मुकादम बघतात तोवर अडकवतो, एक मजला खाली आलो की सोडून देतो."

"अहो, ती जिवाची दोरी आहे."

"हो ना," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.

मी पुन्हा दिव्यापुढे बसले. मला जमत नाही असं म्हटलं नाही, कारण जमलं असतं. म्हटलं, माझ्याकडे राहून ती ह्यांच्या उपयोगाची नाही, माझ्यातून ती घे आणि ज्याची त्याला दे. सकाळी उठले तर अंग हलकं होतं. हे कामावर गेले, दिवस चढला, आणि माझे तळवे कोरडेच राहिले. मी सगळं घर पुसून काढलं, दूध वेळेवर उतरवलं. परत पोचली, म्हटलं, आता हे गाठ दोनदा बघतील.

संध्याकाळी मुकादम स्वतः ह्यांच्याबरोबर आले.

"वहिनी, आज गडी पहिल्यासारखा होता. हात असे कापत होते, की मीच पाणी पाजलं. आता मला घोर नाही."

मला भरून आलं. निदान मी पदर डोळ्यांना लावला. चहा घेऊन ते गेल्यावर मी ह्यांना हळूच विचारलं, "आली ना परत?"

"काय?"

"भीती."

"छे," हे म्हणाले. "पण हात कापायचं माझं मीच घातलं. तू शिकवलं नव्हतंस. जमलं ना?"

"दोरी?"

"सोडली, रोजच्यासारखी."

मला काही झालं नाही. आश्चर्यसुद्धा शांतपणे वाटलं, की त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, मग देवाने ती ठेवली कुठे. मी कप विसळायला घेतले. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे.

"चिमणी खिडकीत चढलीय," बसल्या जागेवरून हे म्हणाले.

मी वळून पाहिलं. तिचा पतंग बाहेरच्या तारेवर अडकला होता, एक पाय चौकटीबाहेर होता आणि दुसऱ्याची टाच उचलली जात होती. आता छातीत काहीतरी होईल आणि मी धावेन, हे मला ठाऊक होतं. देवावर भरवसा ठेवून, हात पुसत, मी त्याची वाट पाहू लागले.