लॅब आपलीच समज

मी एक जुनी पितळी किल्ली आहे. आता ड्रॉवरच्या तळाशी पडून असते, सोबतीला वाळलेली पेनं. मित्रांनो, हसू नका. एके काळी कॉलेजच्या जीवशास्त्राच्या लॅबचं माझ्यावाचून पान हलत नसे.

एका कुलूपवाल्याने कानस घासून मला दात दिले. मग कित्येक वर्षं मी शिपाईमामांच्या कमरेला लटकले. मामा तोंडाचे फटकळ, पण माझी काळजी घ्यायचे. ते निवृत्त झाले आणि लॅबचं काम इंटर्नशिप म्हणून विद्यार्थ्यांकडे द्यायचं ठरलं.

तशी ती मुलगी आली. दुसऱ्या वर्षाची, परगावची. वर्गात तोंड उघडत नसे, म्हणून पोरं तिला 'म्यूट' म्हणत. फोनवर आईला सारखं एकच, "मला इथे करमत नाही गं, मी शिक्षण सोडून परत येते." लॅबच्या सरांनी मला तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "घाबरू नकोस. लॅब आपलीच समज."

त्या वेडीला ते खरंच वाटलं! तिने भिंगं पुसली, खिडक्या उघडल्या. पहिल्या वर्षाच्या मुलांवर चक्क ओरडू लागली, "अरे हळू, काच फुटेल!" आईला म्हणाली, "या सुट्टीत नाही जमणार. लॅब कोण बघेल?" माझा ऊर भरून आला हो.

एकदा तिने कपाटातले नवे सूक्ष्मदर्शक काढून टेबलांवर मांडले. ते फक्त पाहुण्यांना दाखवायचे असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरं डबक्यातल्या पाण्याचा थेंब बघत गलका करत होती. तेवढ्यात सर आले.

"कुणाला विचारून काढलेस?"

"सर, तुम्हीच म्हणालात ना, आपलीच समज..."

"अगं, म्हणायची पद्धत असते ती! इंटर्न आहेस, इंटर्नसारखी राहा. आण ती किल्ली इकडे."

सगळ्यांदेखत! एका काचेला साधा ओरखडाही नव्हता. तिने मला टेबलावर ठेवलं.

पुढे ती सांगितलं तेवढंच करू लागली. सुट्टीत घरी गेली ती परत आलीच नाही. दारालाही नवं कुलूप आलं आणि मी सरांच्या ड्रॉवरमध्ये पडले. सर माणूस म्हणून वाईट नाहीत. "मुलगी कामाची होती," असं अजून म्हणतात. ऐकून माझा जीव जळतो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाच्या तरी हाती किल्ली द्याल. द्यायची नसेल तर खुशाल देऊ नका. पण दिलीत, तर त्याने दार उघडलं म्हणून रागावू नका.